दंडाचा तक्ता आणि शाबासकीचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत संस्थेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा समितीची अपेक्षा अशी असावी की हा निवृत्त बँकवाला आहे, म्हणजे मुदत ठेव, नॉमिनेशन, फोनवरची फसवणूक यांवर बोलेल. ते विषय महत्त्वाचेच आहेत, पुन्हा कधीतरी बोलू. पण येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत आठवा विषय आहे, ‘नियमभंगाबद्दल दंडाचा तक्ता मंजूर करणे’. कचरा वेगळा करून न दिल्यास इतके, पाहुण्यांची गाडी दुसऱ्याच्या जागेवर लावल्यास इतके, पार्किंगमध्ये मुलं खेळताना आढळल्यास पालकांकडून इतके. आणि लगेच नववा विषय आहे, ‘पुढील समितीसाठी इच्छुक सभासदांची नावे न आल्याबाबत विचार’. मला वाटतं, आठवा आणि नववा हे विषय एकाच दोरीची दोन टोकं आहेत. आज त्या दोरीबद्दल बोलतो.

माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा का करतो? याचं सगळ्यात साधं उत्तर एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांवरून काढलं. उपाशी मांजर पिंजऱ्यात, मासळी बाहेर. मांजर ओरबाडतं, उड्या मारतं, आणि कधीतरी योगायोगाने त्याच्या हातून कडी निघते. दुसऱ्या वेळी थोडं लवकर जमतं, तिसऱ्या वेळी आणखी लवकर. ज्या कृतीने फायदा झाला ती टिकते, बाकीच्या गळून पडतात. याला ‘परिणामाचा नियम’ म्हणतात. पुढे हार्वर्डच्या बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरं यांच्यावर आयुष्यभर प्रयोग करून याचं शास्त्र बनवलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला ‘साधक अभिसंधान’ असं भारदस्त नाव आहे. नाव विसरलात तरी चालेल. त्यातले चार शब्द मात्र आपल्या कामाचे आहेत.

पहिला शब्द प्रबलन. एखाद्या वर्तनानंतर जे घडल्यामुळे ते वर्तन वाढतं, ते प्रबलन. ते दोन प्रकारचं असतं. काहीतरी हवंसं मिळालं, ते धन प्रबलन. काहीतरी नकोसं थांबलं, ते ऋण प्रबलन. गाडीत पट्टा लावेपर्यंत टिंग टिंग वाजत राहतं आणि पट्टा लावला की थांबतं, हे ऋण प्रबलन. घरात ‘भाजी आणा, भाजी आणा’ चालू असतं आणि आपण पिशवी उचलली की शांतता होते, तेही तेच. (इथे भगिनीवर्गातून हशा.) लोक याला शिक्षा समजतात, पण ती शिक्षा नाही, कारण त्याने आपलं पिशवी उचलणं वाढतं.

दुसरा शब्द शिक्षा. जिच्यामुळे वर्तन कमी होतं, तीच शिक्षा. ही व्याख्या नीट लक्षात ठेवा. आपण रागावलो, नोटीस काढली, पावती फाडली, म्हणून ती शिक्षा झाली असं शास्त्र मानत नाही. वर्तन कमी झालं का, एवढंच ते विचारतं.

तिसरा शब्द विलोपन. ज्या लाभामुळे एखादं वर्तन टिकून होतं तो लाभच बंद झाला, की ते वर्तन हळूहळू विझतं.

आणि चौथा शब्द, ज्यासाठी मी उभा आहे, तो म्हणजे विभेदक प्रबलन. साध्या मराठीत, निवडून दिलेली शाबासकी. नको असलेल्या वर्तनाला मिळणारा लाभ काढून घ्यायचा आणि त्याच्या जागी जे हवं आहे, त्या वर्तनाला तोच लाभ द्यायचा. लाभ तोच, पण खातं वेगळं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही ट्रान्स्फर एंट्री आहे. एका खात्याला नावे, दुसऱ्या खात्याला जमा. आपण बहुतेक वेळा नुसती नावे टाकतो, जमेची बाजू कोरीच ठेवतो, आणि मग ताळेबंद जुळत नाही म्हणून कपाळाला हात लावतो.

घरातलं उदाहरण घेऊ. माझी नात अडीच-तीन वर्षांची असताना हवं ते मिळेपर्यंत किंचाळायची. माझ्या सूनबाईंनी एक पद्धत ठरवली. किंचाळून मागितलं तर कोणी तिकडे बघायचं नाही. ‘आई, मला दे ना’ असं शब्दांत मागितलं की हातातलं काम टाकून लगेच वळायचं, आणि शक्य असेल ते द्यायचं. शक्य नसेल तर निदान जवळ घेऊन तसं सांगायचं. पहिले काही दिवस किंचाळणं वाढलं. शेजाऱ्यांनी बेल वाजवून चौकशी केली. पण घरातल्या सगळ्यांनी एकच धोरण ठेवलं आणि थोड्याच आठवड्यांत पोरगी ‘दे ना’वर आली. मार नाही, अंधाऱ्या खोलीची भीती नाही. किंचाळण्याला जे लक्ष मिळत होतं, ते बोलण्याच्या खात्यात गेलं.

तुम्ही म्हणाल, साहेब, हे लहान मुलांचं झालं, मोठ्यांना दंडाशिवाय कळत नाही. म्हणून आता दंडाविषयी शास्त्र काय सांगतं ते बघू.

स्किनरने १९३८ मध्ये एक प्रयोग छापला. उंदरांना दांडी दाबली की खाणं मिळायची सवय लावली होती. मग खाणं बंद केलं. काही उंदरांना त्या वेळी सुरुवातीचा थोडा काळ दांडी दाबताच पंजावर चापटीही बसायची. चापट खाल्लेल्या उंदरांनी दाबणं लगेच थांबवलं. पण चापट बंद झाल्यावर ते पुन्हा दाबू लागले, आणि शेवटी दोन्ही गटांनी दांडी दाबल्याची एकूण बेरीज जवळपास सारखीच भरली. चापटीने सवय मोडली नव्हती, ती नुसती दबली होती.

याचा अर्थ शिक्षा कधीच चालत नाही असा नाही. एझ्रिन आणि होल्झ या दोघांनी १९६६ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. शिक्षा ताबडतोब झाली, प्रत्येक वेळी झाली, आणि चढत चढत न वाढता पहिल्यापासून पुरेशी असली, तर ती परिणाम करते. त्यांचा आणखी एक निष्कर्ष आपल्या उपयोगाचा आहे. तोच लाभ मिळवायचा दुसरा सरळ मार्ग मोकळा ठेवला असेल, तर शिक्षेचा परिणाम कितीतरी जास्त होतो. आणि शिक्षा कडक असण्यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री असण्यात जोर असतो, हे तर चेझारे बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच लिहून ठेवलं होतं.

आता आपल्या सोसायटीत या अटी पाळता येतात का, बघा. कचरा चुकीचा दिला सोमवारी, तो कुणाचा हे कळलं बुधवारी, समितीची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दंडाची रक्कम लागली पुढच्या तिमाहीच्या बिलात. तोवर त्या घरातल्या माणसाला कोणत्या सोमवारबद्दल पैसे जातायत हेही आठवत नाही. त्याला आठवतं ते एवढंच की ‘समितीने मला पकडलं आणि शेजारच्याला सोडलं’. म्हणजे वर्तन बदललं नाही आणि मन मात्र बिघडलं.

दंडाची आणखी एक गंमत आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरं होती. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे आणि शिक्षिकांना ताटकळत थांबावं लागायचं. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यांतल्या सहा पाळणाघरांत दंड सुरू करवला. दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर मुलामागे दहा शेकेल. उरलेली चार पाळणाघरं तुलनेसाठी तशीच ठेवली. काय झालं असेल? उशीर वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. पुढे दंड रद्द केला तरी तो खाली आला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचं नावच ‘दंड म्हणजे किंमत’ अशा अर्थाचं आहे. आधी पालकांना शिक्षिकेसमोर ओशाळं वाटायचं. दंड आल्यावर त्यांना वाटलं, आपण जास्तीच्या वेळेचे पैसे मोजतो आहोत, मग ओशाळायचं कशाला?

आपल्याकडे दुसऱ्याच्या जागेवर गाडी लावायला दोनशे रुपये ठेवले, तर एखाद्या लग्नघरचा यजमान म्हणेल, ‘पाच गाड्यांचे हजार रुपये, हॉलच्या पार्किंगपेक्षा स्वस्त पडतं.’ आणि ज्याची जागा गेली, तो बिचारा रस्त्यावर गाडी लावून घरी येईल. त्याला त्या हजारातलं काय मिळणार?

बँकांच्या दंडव्याजाचंही असंच झालं होतं. शिस्तीसाठी ठेवलेली गोष्ट कमाईचं साधन होऊ लागली. शेवटी १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की दंड हा कर्जशिस्तीसाठी आहे, उत्पन्न वाढवण्यासाठी नाही. व्याजदरावर दंडव्याज चढवायचं नाही, दंड वेगळा आकारायचा आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही. आपल्या खजिनदारांना माझी हात जोडून विनंती आहे. दंडाचा तक्ता मंजूर झालाच, तर अंदाजपत्रकात दंडाच्या उत्पन्नाचा आकडा धरू नका. ज्या संस्थेचं अंदाजपत्रक लोकांच्या चुकांवर अवलंबून असतं, तिला चुका कमी झालेल्या परवडत नाहीत.

आता थोडं माझ्या नोकरीतलं सांगतो, कारण विभेदक प्रबलन हा शब्द मी नंतर वाचला, पण ती गोष्ट बघितली काउंटरमागे.

त्या काळी संगणक नव्हते. लेजरं हाताने लिहायची आणि ठरावीक काळाने त्यांचं बॅलन्सिंग करायचं. प्रत्येक क्लार्ककडे आपापलं लेजर. एखादा हुशार माणूस पाच वाजताच लेजर जुळवायचा. मग अधिकारी काय करायचे? ‘अरे वा, तुझं झालं? मग हे दुसरं घे, याच्यात अकरा रुपयांचा फरक येतोय.’ म्हणजे वेळेत काम करण्याचं बक्षीस म्हणून आणखी काम, आणि रेंगाळणाऱ्याचं काम आयतं दुसऱ्याच्या गळ्यात. सहा महिन्यांनी तो हुशार माणूसही आठ वाजेपर्यंत रेंगाळायला शिकायचा. कुणी शिकवलं त्याला? व्यवस्थेनेच शिकवलं. मी शाखेत अधिकारी झालो तेव्हा एकच नियम केला. ज्याचं लेजर जुळेल आणि तपासून होईल, त्याने घरी जावं. त्याला कुणी अडवायचं नाही, दुसरं लेजर द्यायचं नाही. ज्याचं जुळत नाही त्याच्या शेजारी मी बसेन. पहिल्या आठवड्यात लोकांचा विश्वास बसला नाही. विश्वास बसल्यावर रात्रीचे दिवे लवकर मालवू लागले. कुणाला मेमो दिला नाही की कुणाची पगारवाढ रोखली नाही.

कर्जवसुलीत हेच जास्त मोठ्या प्रमाणावर दिसायचं. नियमाने हप्ता भरणारा माणूस यायचा, रांगेत उभा राहायचा, पावती घ्यायचा आणि जायचा. त्याच्याकडे कुणी मान वर करून बघतही नसे. थकबाकीदाराकडे मात्र शाखेतले लोक जीप घेऊन जायचे. तो शाखेत आला की त्याला केबिनमध्ये बसवायचं, चहा मागवायचा, ‘बघा ना काहीतरी जमवा’ म्हणायचं. मी नियमित भरणाऱ्याला केबिनमध्ये बोलवायला लागलो. त्याचा पुढचा अर्ज आला तर तो सगळ्यांत आधी हातात घ्यायचा, असा शाखेत दंडक ठेवला. गावात बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. थकबाकी संपली असं मी म्हणणार नाही, पाऊस बँकेच्या हातात नसतो. पण ‘वेळेवर भरणारा वेडा’ ही भाषा आमच्या गावात कमी झाली.

सरकारी योजनांतही ही दोन्ही रूपं दिसतात. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत ३१ डिसेंबर २००७ रोजी थकीत असलेली कर्जं धरली होती. दुष्काळात पिचलेल्या शेतकऱ्याला तो आधार हवाच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याने बायकोचं डोरलं गहाण टाकून हप्ता भरला होता, त्याने त्यातून काय ऐकलं? म्हणूनच दुसऱ्या बाजूची योजना मला जास्त शहाणपणाची वाटते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सात टक्क्यांनी, वेळेवर फेडलं तर केंद्राची आणखी तीन टक्के सवलत, आणि आपल्या राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून उरलेलं व्याजही माफ. म्हणजे वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्के. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेतही पुढे नियमित फेडणाऱ्यांसाठी पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम आली. निवडून दिलेली शाबासकी म्हणतात ती हीच. आणि फार लांब कशाला, आपली पुणे महापालिका ठरलेल्या मुदतीत मिळकतकर भरणाऱ्याला सर्वसाधारण करात पाच ते दहा टक्के सवलत देते आणि उशीर करणाऱ्याला दरमहा दोन टक्के शास्ती लावते. मुदत संपण्याआधी कर भरायला रांगा कशासाठी लागतात, शास्तीच्या भीतीने की सवलतीसाठी? तुम्हीच सांगा.

आता आपल्या आवारात येऊ. मी तुम्हाला एक हिशेब मांडायला सांगतो. आपल्या संस्थेत कोणत्या वागण्याला काय मिळतं?

तक्रारवहीत नीट तारीख घालून ‘स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येते आहे’ असं लिहिणाऱ्याला काय मिळतं? वाट बघणं. रात्री साडेअकराला सेक्रेटरींना फोन करून आवाज चढवणाऱ्याला काय मिळतं? दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर. मग पुढच्या पावसाळ्यात वहीत लिहिणारा काय करेल? तोही साडेअकराची वाट बघेल. आपण आरडाओरड्याला प्लंबर देतो आणि सभ्यपणाला तारीख देतो.

पाणी ३६० दिवस वेळेवर येतं. त्या ३६० दिवसांत सेक्रेटरींना एकही फोन जात नाही. उरलेल्या पाच दिवसांत पन्नास फोन जातात. पंप बिघडला तर ‘समिती काय झोपा काढते?’ आणि पंप चालू असला तर काहीच नाही. टेरेसच्या वॉटरप्रूफिंगला तीन कोटेशनं आणणाऱ्याला वार्षिक सभेत ‘कमिशन किती?’ असा प्रश्न ऐकावा लागतो. ज्याने आयुष्यात एकही कोटेशन आणलं नाही, तो प्रश्न विचारून टाळ्या घेतो. मंडळी, हे शास्त्राच्या कसोटीवर लावून बघा. काम करणं या वर्तनाला आपण न चुकता, लगेच, आणि सर्वांसमोर शिक्षा देतो. शिक्षेच्या सगळ्या अटी आपण इथे मात्र तंतोतंत पाळतो. आणि मग नवव्या विषयात आश्चर्य व्यक्त करतो की इच्छुकांची नावे का येत नाहीत!

पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या समितीसाठी चुरस होती, तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. माणसं बदललेली नाहीत, आपण त्यांना शिकवलं. नावं आलीच नाहीत तर सहकार खात्याला शेवटी प्रशासक नेमावा लागतो आणि आपल्या घराचा कारभार बाहेरचा माणूस बघतो. रौप्यमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेवर ही वेळ येऊ नये.

मुलांचंही तेच. पार्किंगमध्ये चेंडू दिसला की जप्त. यातून मुलं काय शिकली? खेळायचं नाही हे शिकली नाहीत, वॉचमन कुठे आहे ते आधी बघायचं, हे शिकली. शिक्षा खूपदा वर्तन बदलत नाही, शिक्षा करणाऱ्याला टाळायला शिकवते. त्याऐवजी मागच्या मोकळ्या जागेत पाच ते सात ही वेळ मुलांची, तिथे चारचाकी हलवायची नाही, आणि महिनाभर पार्किंगमध्ये चेंडू दिसला नाही तर संस्थेकडून नवी बॅट, असं करून बघा. एका वेळी एक मूल दोन ठिकाणी खेळू शकत नाही. म्हणजे जे नको आहे ते आपोआप घडू शकणार नाही, असं दुसरं काहीतरी हवंसं द्यायचं. हासुद्धा विभेदक प्रबलनाचाच एक प्रकार आहे. आपल्या आज्या हे शिकल्याशिवायच करायच्या. ‘आधी परवचा, मग खेळ.’ मानसशास्त्रात डेव्हिड प्रीमॅकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वाला गमतीने ‘आजीचा नियम’ असंच म्हणतात.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी सांगतो, नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल की म्हातारबुवांनी अर्धवट औषध दिलं.

एक, लाभ बंद केला की वर्तन आधी वाढू शकतं. रात्रीचे फोन घ्यायचे नाहीत असं समितीने ठरवलं, तर पहिले पंधरा दिवस फोन दुप्पट येतील. त्यांतला दहावा फोन कंटाळून उचललात, तर तुम्ही शिकवलंत की दहा वेळा केला की उचलतात. कधी मिळतो, कधी मिळत नाही, अशा लाभाची सवय सगळ्यांत चिवट असते. जुगाराच्या यंत्रापुढे माणूस तासन्‌तास बसतो तो याचमुळे. तेव्हा धोरण ठरवलंत तर सर्वांनी पाळा, नाहीतर ठरवूच नका.

दोन, धोक्याच्या गोष्टींना हे लागू नाही. जिन्यात सामान ठेवून आगीच्या वेळची वाट अडवणं, गॅसचा वास, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस, छातीत दुखणारे आजोबा, यांच्यासाठी रात्री दोनलाही फोन उचलायचा आणि वाट ताबडतोब मोकळी करायची. तिथे दंडही हवा आणि तो त्याच दिवशी हवा.

तीन, वर्तनामागचं कारण बघा. देखभाल शुल्क थकलेल्या प्रत्येकाला आपल्या उपविधीप्रमाणे सरळ व्याज लावता येतं. पण ज्याची नोकरी गेली आहे किंवा घरात मोठं आजारपण आहे, त्याचं वर्तन व्याजाने बदलणार नाही, कारण त्याच्या हातात पैसेच नाहीत. त्याला बोलावून हप्ते बांधून द्या. पैसे असून न भरणारा वेगळा. त्याला व्याजही लावा आणि कायद्याने वसुलीचा दाखलाही घ्या. बँकेत आम्ही पहिला प्रश्न हाच विचारायचो, भरू शकत नाही की भरत नाही?

चार, बक्षिसांचाही अतिरेक नको. अमेरिकेत १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिलं. नंतर तीच मुलं मोकळ्या वेळात पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. जे माणूस आवडीने करतो त्याला भाव लावला की ते काम होऊन बसतं. तेव्हा गणपतीच्या मांडवात रात्रभर जागणाऱ्या पोरांना पाकीट देऊ नका. त्यांच्याबरोबर पहाटे चहा प्या, तेवढं पुरे आहे.

तर माझी सूचना अशी. आठवा विषय फेटाळा असं मी म्हणत नाही. पण तो एकटा मंजूर करू नका. तक्त्यात दंडाच्या प्रत्येक ओळीसमोर एक रकाना वाढवा, ‘त्याऐवजी आपल्याला काय हवं आहे, आणि ते करणाऱ्याला काय मिळेल’. तो रकाना भरता येत नसेल, तर दंडाची ती ओळही काढून टाका. उदाहरण देतो. वर्षाचं देखभाल शुल्क एप्रिलमध्ये एकरकमी भरणाऱ्याला सर्वसाधारण सभेने ठरवलेली छोटी सवलत. आठवडाभर ओला आणि सुका कचरा वेगळा देणाऱ्या मजल्याचं नाव शनिवारी सूचना फलकावर. नाव चांगल्याचं लावायचं, चुकलेल्याचं लावायचं नाही. मजल्याचं नाव कुणी ठरवायचं? कचरा उचलणाऱ्या ताईंनी. कारण पिशवी त्या उघडतात, आपण उघडत नाही. तक्रारवहीत लिहिलेल्या तक्रारीची दखल क्रमाने आणि अठ्ठेचाळीस तासांत, तोंडी तक्रारीची दखल वहीत लिहिल्यावर. आणि दंड ठेवायचे ते मोजकेच, पण कुणालाही न सोडणारे. अध्यक्षांच्या पाहुण्यांची गाडी असली तरी.

आणि नवव्या विषयासाठी पैशाचीही गरज नाही. ज्या दिवशी पाणी येतं, लिफ्ट चालते, जिना झाडलेला असतो, त्या दिवशी खाली उतरताना सेक्रेटरी भेटले तर थांबून एक वाक्य बोला. आणि मोघम ‘छान चाललंय’ म्हणू नका, नेमकं सांगा. ‘टाकी धुतल्यापासून पाण्याला वास येत नाही, बरं झालं तुम्ही मागे लागलात.’ कोणत्या कामाची दखल घेतली हे कळलं तरच ते काम पुन्हा होतं. वार्षिक सभेत हिशेबावर प्रश्न जरूर विचारा, तो आपला हक्क आहे, पण पहिली दहा मिनिटं वर्षभरात काय नीट झालं ते सभासदांनी उठून सांगायची, असा प्रघात पाडा. बघा, पुढच्या वेळी दोन-तीन तरुण नावं येतात की नाही.

पन्नास वर्षांचा सोहळा होईल तेव्हा आमची पिढी नसेल. शेवटच्या रांगेतली ही चुळबुळणारी मंडळी तेव्हा समितीवर बसायच्या वयाची असतील. त्यांनी बसावं असं वाटत असेल, तर समितीवर बसलेल्या माणसाशी आपण कसं वागतो, हे ती आजच बघतायत, एवढं ध्यानात ठेवू या.